कुलूप लावण्याआधी

आमच्या शाळेत कुणीही निवृत्त झालं की भाषण माझ्याकडे येतं. मी चांगला बोलतो म्हणून नव्हे, बाकी कुणी तयार नसतं म्हणून. नवखा असताना एका बाईंच्या निरोपाला मी दोन दिवस खपून भाषण लिहिलं होतं. त्यात बाईंना वटवृक्ष म्हटलं, शाळेला अंगण म्हटलं आणि मुलांना पाखरं. बाई रडल्या, हेडमास्तर रडले, आणि मला वाटलं, जमलं. तेव्हापासून तेच भाषण चालू आहे, फक्त नाव बदलायचं. बावीस वर्षांत आमच्या एवढ्याशा शाळेच्या अंगणात माझ्या हातून नऊ वटवृक्ष उगवले. एकदा तर एका सरांच्या निरोपात ‘आपल्या पदराखाली घेऊन’ हे वाक्य तसंच राहून गेलं. सर सहा फुटी, मिशीवाले. ते अजून राजारामपुरीत भेटले की लांबूनच खांद्यावरचा पदर सावरल्यासारखं करतात.

मल्लूमामांच्या वेळी मात्र ते भाषण मी खिशातून काढलं नाही. काढलं असतं तर फार बरं झालं असतं.

मल्लूमामा म्हणजे आमचे शिपाई. कागदावर मल्लाप्पा. कागलच्या पलीकडचं, कर्नाटकाला टेकलेलं त्यांचं गाव, त्यामुळं मराठी कोल्हापूरची आणि मायेचे शब्द कानडी. पहिलीतल्या पोरींना ते ‘अव्वा’ म्हणत. सहा वर्षांच्या, नाक वाहणाऱ्या पोरीला ‘अव्वा’, म्हणजे आई, आणि तेही अगदी गंभीरपणे. चौतीस वर्षं ते या एकाच शाळेत होते. बुटके, मान नसल्यासारखे, दोन्ही कान मोडलेले. तरुणपणी तालमीत घुमले होते. पोरं कानाचं विचारत तेव्हा सांगायचे, एक उंदरानं खाल्ला, दुसरा हेडबाईंनी धरला.

जूनमध्ये पहिलीची नवी पोरं फाटकाशी भोकाड पसरून उभी असत. आया त्यांना ओढत, बाई चॉकलेट दाखवत. मामा फाटक उघडून कमरेत वाकत आणि म्हणत, “या पावणं. लई दिसांनी आला.” पोरगं रडायचं थांबून बघत राही. आपण इथं पूर्वी कधी आलो होतो का, हे त्याला आठवेना. तेवढ्यात मामा त्याचं दप्तर घेऊन पुढं निघालेले असत, आणि दप्तर गेलं की पावणं मागोमाग जात.

शाळा सुटायची घंटा त्यांच्या हातात होती, आणि ती घड्याळावर चालत नसे. एखाद्या वर्गात गोष्ट चालू असली तर ते खिडकीबाहेर उभे राहून शेवटाची वाट बघत. हे लक्षात आल्यावर मी एकदा मुद्दाम ताणून बघितलं. राक्षस मरायला आला की मी त्याला नवीन डोकं फोडायचो. पाचव्या डोक्याला मामा दारात आले. म्हणाले, “सर, मारा की आता त्याला. पोरांची बस चुकंल.” सगळा वर्ग मामांच्या बाजूनं होता. राक्षस तिथल्या तिथं मेला.

हे सगळं गमतीचं. पण मामा म्हटल्यावर आम्हां सगळ्यांना आधी आठवते ती संध्याकाळची त्यांची हाक.

आमच्या शाळेला सात खोल्या. पाच खाली, दोन माडीवर. पोरं गेली, झाडलोट झाली की मामा किल्ल्यांचा जुडगा घेऊन निघत. प्रत्येक दाराशी थांबत, आत डोकं घालत आणि मोठ्यांदा हाक मारत, “कोन हाय का रं आत?” मग गप्प उभे राहत. बराच वेळ. किती ते आम्ही कधी मोजलं नाही, पण स्कूटरला किक मारून हेल्मेट घालून एखादा फोन उरकण्याइतका वेळ नक्की. मग म्हणत, “बरं. लावतो मग.” आणि कुलूप. पुढची खोली. हे सातदा. रिकाम्या खोलीची परवानगी घेतल्याशिवाय या माणसानं माझ्या देखत कधी दार लावलं नाही.

नोकरीच्या पहिल्याच वर्षी मला हे बघून राहवलं नाही. मी तेव्हा स्वतःला मोठा विनोदी समजायचो. एका संध्याकाळी मी चौथीच्या खोलीत शेवटच्या बाकाखाली जाऊन बसलो. गुडघे हनुवटीला, पाठीला बाकाचा खिळा. मामा आले. हाक मारली. त्या शांततेत मी नाकातनं पोरासारखा बारीक आवाज काढला, “हाय मामा.”

मला वाटलं होतं, दचकतील, शिवी देतील, मग दोघं हसू. तसलं काही झालं नाही. जुडगा खाली पडल्याचा आवाज आला. मग मामांचे गुडघे फरशीवर टेकलेले मला दिसले. ते रांगत आत येत होते. एकेका बाकाखाली बघत होते आणि हळू, अगदी हळू बोलत होते. “कुटं हाईस, बाळा? भिऊ नगंस. दार उगडं हाय. बघ, उगडंच हाय दार.”

मी बाहेर आलो तेव्हा माझ्या तोंडावर हसू तसंच चिकटलेलं होतं, ते काढायचं मला सुचेना. मामांनी माझ्याकडं बघितलं. म्हणाले, “तुमी व्हय सर.” उठले, गुडघे झटकले, मी बाहेर पडेपर्यंत दार धरून उभे राहिले. मग पुन्हा आत डोकं घालून, पुन्हा पहिल्यापासून हाक मारली.

त्यानंतर महिनाभर माझा चहा शेवटी आला. एक शब्द वावगा नाही, रोज चहा, रोज गार.

कारण मला मगदूम बाईंनी सांगितलं. त्या तेव्हा दुसरीला शिकवत होत्या, पुढं मुख्याध्यापिका झाल्या. मी शाळेत यायच्या चार-पाच वर्षं आधीची गोष्ट. शनिवारची सकाळची शाळा. पहिलीतली एक मुलगी माडीवरच्या कोपऱ्यातल्या खोलीत, खिचडीच्या तांदळाची पोती ठेवतात तिथं, पोत्यांमागं झोपून गेली. आईबाप यंत्रमागावर कामाला जाणारे. बापाला वाटलं, पोरगी मावशीकडं गेली. मावशीला वाटलं, आईनं नेली. मामांना त्या दिवशी कुस्त्यांच्या मैदानाला जायचं होतं. दारं लावताना त्यांना वरच्या खोलीत काहीतरी खरडल्यासारखं ऐकू आलं. तांदळाला मांजर आलं असेल म्हणून ते निघून गेले. दुसऱ्या दिवशी, रविवारी दुपारी झाडांना पाणी घालायला आले तेव्हा त्यांनीच दार उघडलं.

पोरगी धड होती. रडत नव्हती. दाराशी बसली होती म्हणे. आठवड्याभरात आईबापानं बिऱ्हाड इचलकरंजीला हलवलं आणि ती पुन्हा या शाळेत आली नाही. तक्रार कुणीच केली नाही. “तेव्हापासून हाका मारतात,” बाई म्हणाल्या. “आणि तेव्हापासून मैदानालाही गेले नाहीत. पोस्टरसुद्धा बघत नाहीत.”

मी माफी मागायला गेलो. माफी मागण्यातही माझा हात बसलेला नाही. मी जाताना पाव किलो भडंग घेऊन गेलो. मामांनी भडंग घेतलं, सगळ्या शिक्षकांना वाटलं, आणि मला म्हणाले, “सर, कुणी तक्रार केली असती न्हवं, तर बरं झालं असतं.” एवढंच. दुसऱ्या दिवसापासून चहा गरम आला.

पुढं शाळेत कॅमेरे बसले. शाळा समितीचे अध्यक्ष स्वतः पडद्यासमोर उभे राहून आम्हाला एकेक खोली दाखवत होते. आता मामांना ओरडत फिरायची गरज नाही, असं त्यांनी सगळ्यांदेखत जाहीर केलं. मामा चहाचा ट्रे घेऊन उभे होते. त्यांनी पडद्याकडं नीट निरखून बघितलं आणि विचारलं, “सायेब, पोत्यामागं निजलेलं पोर ह्यात दिसतंय का?” अध्यक्षांनी मान वाकडी करून पडद्यात बघितलं, जणू पोतं बाजूला सरकेल. मग ते चहा चांगला झालाय म्हणाले.

निवृत्तीचा दिवस जवळ यायला लागला तसे मामा बोलेनासे झाले. पेन्शनचे कागद, सत्कार, कशातच लक्ष नाही. शिपायाची नवी जागा भरणार नाहीत, हे वरून कळलं होतं. म्हणजे किल्ल्या कुणाकडे, याचा पत्ता नाही. मामा प्रत्येकाला एकदा तरी विचारून गेले, पुढं दारं कोण लावणार. जो तो म्हणाला, बघू की, लावेल कोणीतरी. त्या ‘कोणीतरी’नं मामांची झोप उडाली होती.

मगदूम बाई आणि मामा एकाच महिन्यात निवृत्त होणार होते, म्हणून एकच निरोप समारंभ ठरला. फलकावर बाईंचं नाव मोठ्या अक्षरात आणि खाली, फुलांच्या नक्षीत कसंबसं बसवलेलं मामांचं. तो फलक शिडीवर चढून मामांनीच बांधला. खुर्च्या त्यांनीच मांडल्या. माजी विद्यार्थी येणार म्हणून चाळीस कप जास्तीचे धुतले.

आदल्या दिवशी ते माझ्या वर्गात आले. हातात वहीचा घडी घातलेला कागद होता.

“सर, उद्या मला दोन शब्द बोला म्हंत्यात. मी लांबड लावणार न्हाई. एकच सांगायचं हाय, कुलूप लावायच्या आदी हाक मारत जावा म्हणून. पर नुसतं म्या सांगितल्यावर लोकं ऐकत्याली का? तुमी माज्या आदी बोलणार. तुमी जरा वातावरण करा.”

मी छाती पुढं काढून म्हणालो, मामा, काळजीच सोडा. असं वातावरण करतो की उद्यापासून अध्यक्ष स्वतः हाका मारतील.

वातावरण केलं. वटवृक्षाचा कागद खिशात ठेवून मी उत्स्फूर्त बोललो. माणसानं उत्स्फूर्त बोलू नये, निदान मी तरी. अंगण माजी विद्यार्थ्यांनी भरलं होतं. कुणी दुकानदार, कुणी बँकेत, कडेवर पोरं. मी ठरवलं होतं की आधी मामांची हाक सांगायची, मग माझा तो बाकाखालचा मूर्खपणा, आणि मग हळूच त्या मुलीकडं यायचं. मी माईक धरला आणि मामांचा आवाज काढला, “कोन हाय का रं आत?”

अंगण हशानं फुटलं. प्रत्येकाच्या कानात ती हाक होतीच. मागनं कुणीतरी बारीक आवाजात ओरडलं, “हाय मामा!” पुन्हा हशा. टाळ्या. बावीस वर्षांत माझ्या भाषणाला असा हशा मिळाला नव्हता आणि तो माझ्या डोक्यात गेला. मी पुन्हा हाक मारली. पुन्हा उत्तर आलं. मी बाकाखालची गोष्ट सांगितली, पण ती मामा किती घाबरले, याची गोष्ट करून सांगितली. रांगून दाखवायचं तेवढं बाकी ठेवलं. आणि मग त्या मुलीकडं यायची वेळ आली तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की या हसणाऱ्या लोकांसमोर ती आता आणता येत नाही. मी नमस्कार करून खाली बसलो. टाळ्या बराच वेळ चालल्या.

मामा उठले. कागद उलगडला. माईक त्यांना उंच होता, तो कुणी खाली केला नाही.

“रोज कुलूप लावायच्या आदी,” ते म्हणाले, “हाक मारत जावा.”

लोक हसले. ते वाईट लोक नव्हते. त्यांना वाटलं, मामा माझाच विनोद पुढं नेतायत. पुन्हा कुणीतरी म्हणालं, “हाय!”

मामा हसू थांबायची वाट बघत उभे राहिले, जसे दाराशी उभे राहत तसेच. मग त्यांनी माझ्याकडं बघितलं. त्या बघण्यात राग असता तर मी तो कुठंतरी ठेवून दिला असता. त्यांनी कागदाची पुन्हा घडी केली, “बरं,” म्हणाले, आणि खाली उतरून चहाचा ट्रे उचलला. स्वतःच्या निरोपाचा चहा त्यांनीच वाटला. मला पहिल्यांदा दिला. गरम होता.

जूनमध्ये शाळा उघडली. मगदूम बाईंच्या जागी अजून कुणी आलेलं नव्हतं, म्हणून मी प्रभारी मुख्याध्यापक झालो. मामांच्या जागी कुणी येणारच नव्हतं, म्हणून किल्ल्याही माझ्याकडं आल्या. कोणीतरी म्हणजे मी, हे असं ठरलं.

पहिल्या संध्याकाळी मी पहिल्या खोलीच्या दाराशी उभा राहिलो आणि माझा आवाजच फुटेना. खिचडी शिजवणाऱ्या मावशी पातेली घासत माझ्याकडं बघत होत्या. भर सभेत मामांचा आवाज काढताना न लाजलेला मी, रिकाम्या खोलीपुढं लाजत होतो. शेवटी घसा खाकरल्यासारखं करून पुटपुटलो, “कोण आहे का?” आणि कुलूप. सात खोल्या पाच मिनिटांत उरकल्या.

दुसऱ्या संध्याकाळी माडीवरून खाली बघितलं तर रस्त्यापलीकडं, पंक्चरच्या दुकानाशी, मामा उभे होते. हातात सायकल. चाकात हवा होती. मला वरूनही दिसत होतं. तिसऱ्या दिवशीही होते. मी आवाज वाढवला. चौथ्या दिवशी आणखी वाढवला. पाचव्या दिवशी तर अशा हाका मारल्या की पलीकडच्या क्लासची पोरं गॅलरीत आली. मामा हलेनात. सगळी कुलपं लावून, फाटक ओढून, मी रस्ता ओलांडून त्यांच्याकडं गेलो. मनात होतं, आता तरी माणूस शाबास म्हणेल.

“मामा, सातही खोल्या झाल्या. ऐकलं न्हवं?”

“ऐकलं.”

“मग?”

ते पंक्चरवाल्याच्या घमेल्यातल्या पाण्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, “सर, तुमी हाक मारतायसा. थांबत न्हाईसा.”

मी म्हणालो, किती थांबायचं असतं? काहीतरी सांगा, दहा अंक, वीस अंक.

“ते ठावं न्हाई,” मामा म्हणाले. “म्याबी हाक मारली हुती त्या दिशी. समद्यांस्नी वाटतंय, त्या दिशी मारली न्हवती, म्हणून मग मारायला लागलो. तसं न्हाई. रोजच मारायचो, त्या दिशीबी मारली. मैदानाची गडबड हुती, मारली आन् लावलं कुलूप. दुसऱ्या दिशी दार उगडल्यावर ती अव्वा काय म्हणाली ठावं हाय? म्हणाली, मामा, मी व्हय म्हणीपतोर तुमी गेलासा.”

पंक्चरवाल्यानं ट्यूब पाण्यात दाबली. बुडबुडे आले.

मी परत गेलो. फाटक उघडलं, सातही कुलपं काढली. मावशी गेल्या होत्या, अंगणात कुणी नव्हतं. पहिल्या खोलीत हाक मारली आणि उभा राहिलो. पंख्याचं पातं वाऱ्यानं जरासं फिरत होतं. भिंतीवरचा तक्ता हलत होता. अशी प्रत्येक खोली असते हे मला बावीस वर्षांत ठाऊक नव्हतं. थांबलं की ती तुमच्याकडं बघायला लागते, आणि आपण ऐकायला लागलो की प्रत्येक आवाज कुणाचातरी होतो. शेवटी माडीवरच्या कोपऱ्यातल्या खोलीत पोचलो. हाक मारली. पोत्यांमागं अंधार होता. मी थांबलो, आणि कुणी उत्तर देऊ नये असं मला इतकं वाटत होतं की कुणी दिलं असतं तर मला ऐकू आलं असतं की नाही, कुणास ठाऊक. म्हणून आणखी थांबलो.

मामांना मी पाहिलं ते त्या संध्याकाळी शेवटचं. त्यानंतर ते आले नाहीत. श्रावणात गावाकडं गेले आणि तिथंच वारल्याचा निरोप आला. मी भाषण केलं नाही.

त्या पाचव्या संध्याकाळी, मी थांबलो होतो तेव्हा, कोपऱ्यातल्या खोलीच्या खिडकीतनं रस्ता दिसत होता. रिक्षा जात होत्या, क्लास सुटला होता, पोरंपोरी गाड्या काढत होत्या. त्या सगळ्या गोंगाटात मामा शाळेकडं मोडका कान करून, मान खाली घालून उभे होते. आणि कुणाचा धक्का लागून वाजू नये म्हणून सायकलची घंटी त्यांनी मुठीत गच्च धरून ठेवली होती.